तळघरातला झरा

मला बंद पडलेल्या वस्तूंपेक्षा बंद न होणाऱ्या वस्तू जास्त छळतात. बंद पडलेला मिक्सर उघडला की त्याचं दुखणं सापडतं. पण थांबायच्या वेळी जी वस्तू थांबत नाही, ती काहीतरी लपवतेय असं मला वाटायला लागतं, आणि मग घास गोड लागत नाही. माहेरी सोनईला असताना मी भिंतीवरचं घड्याळ असंच उघडलं होतं, कारण ते बाराला तेरा ठोके द्यायचं. ते पुन्हा कधी मिटलं नाही. वडील शेवटपर्यंत ही गोष्ट पाहुण्यांना चहाबरोबर सांगायचे.

तेव्हा आमच्या तळघरातली मोटर थांबेनाशी झाल्यावर मी तिच्या मागे लागणार, हे ठरलेलंच होतं.

तळघर म्हणजे काही फार मोठं प्रकरण नाही. श्रीगोंद्याच्या कडेला आम्ही प्लॉट घेतला तो रस्त्यापेक्षा बराच खोल होता. भर टाकून वर आणण्यापेक्षा खाली एक खोली काढावी असं मीच सुचवलं, आणि त्या खोलीत माझी शिलाईची मशिनं बसली. ब्लाऊज, परकर, शाळेचे गणवेश, जे येईल ते मी शिवते. मागच्या भिंतीला छातीएवढ्या उंचीवर खिडकी आहे. खिडकीबाहेर अंगण, म्हणजे खोली अर्धी जमिनीच्या पोटात.

आणि आमच्याकडे जमिनीच्या पोटात पाणी असतं. चहूकडे ऊस. धरणातून कालव्याला आवर्तन सुटलं, म्हणजे पाण्याची पाळी आली, की शेतं तुडुंब होतात आणि ते पाणी खालून सरकत सरकत आमच्या भिंतीपर्यंत पोचतं. पहिल्याच वर्षी कापडाचे गठ्ठे भिजले, तेव्हा खोलीच्या कोपऱ्यात खड्डा घेऊन त्यात मोटर सोडली. मोटरीला वायरीच्या टोकाला एक पोकळ प्लास्टिकचा फ्लोट असतो, साधारण नारळाएवढा. पाणी चढलं की तो तरंगत वर येतो, मोटर सुरू होते. पाणी उपसून झालं की तो खाली लोंबतो, मोटर बंद. पाणी एका पाइपातून भिंतीवर चढून मागच्या अंगणात जातं आणि तिथून नालीनं रस्त्याच्या गटारीला. इतकं सोपं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. म्हणूनच तर मला राग आला.

कारण त्या वर्षी संक्रांतीनंतर कालवा बंद झाला होता. पुढचं आवर्तन कधी, ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्या शेजारच्या घरालाही अशीच खालची खोली आहे, ते तिथं कांदा ठेवतात. त्यांच्या खड्ड्यात कोळ्यानं जाळं केलं होतं. आमची मोटर मात्र चालू. आधी चालायची, श्वास घेतल्यासारखी थांबायची, पुन्हा चालायची. मग तिनं थांबणंच सोडलं. मशिनवर बसलं की पायाखालून घूं घूं असा आवाज, आणि मला टीप सरळ घालता येईना.

त्या दिवसांत सासूबाई आमच्याकडे होत्या. त्या जामखेडच्या बाजूला आपल्या गावी राहतात, सासरे गेल्यापासून एकट्याच. तिकडं फाल्गुन लागला की टँकर येतो. आदल्या उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकून घागर घेऊन धावताना त्या पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. गर्दी टँकरभोवती, ही बाई मागे धुळीत. हात जुळला, पण वाकडा जुळला. भरली घागर आता त्या हातानं उचलत नाही. तरी दिवाळीनंतर त्या आमच्याकडे आल्या त्या अट घालूनच, की गुढीपाडव्याला गावी नेऊन सोडायचं. मुलानं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विनवण्या केल्या. "तिकडं तुझे हाल होतात," हे एकच वाक्य तो दहा तऱ्हांनी म्हणायचा. त्या पदर सावरून गप्प बसायच्या. जाणार म्हणजे जाणार.

मला भीती वाटायची, सरळच सांगते. पाडवा जवळ यायला लागला तसं मला तो टँकर आणि ती धूळ दिसायला लागली. या खेपेला पडल्या तर कोण बघणार? पण आमच्यात तसं बोलणं नव्हतं. भांडण कधी झालं नाही, आणि गळामिठीही नाही. मी त्यांना आत्या म्हणते, त्या मला 'बाई' म्हणतात, परकी असल्यासारखं. दोघी एका घरात राहून आपापल्या कामाला लागायचो.

तर मोटर. पहिल्या दिवशी मी फ्लोटपासून सुरुवात केली. तो भिंतीला अडकलाय का, वायरीत गुंतलाय का, हे पाहिलं. काठीनं खाली दाबला तर मोटर लगेच गप्प. सोडला, वर आला, मोटर सुरू. म्हणजे फ्लोट शहाणा होता. मग वायरमनला बोलावलं. त्यानं टेस्टर लावून पाहिलं, मोटरीवर डॉक्टरसारखा हात ठेवला आणि म्हणाला,

"वहिनी, मोटर गेली. नवी टाका."

"गेली कशी? चालूच आहे की."

"तेच म्हणतोय ना. आतून गेली."

याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. नवऱ्याला साखर कारखान्यात फोन केला. त्याच्या गळीत हंगामाच्या पाळ्या, घरी येईल तो झोपायला. त्यानं तिकडूनच सांगितलं, नवी टाकून दे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? मी नवी टाकली नाही. पाणी होतं म्हणून फ्लोट वर होता, फ्लोट वर होता म्हणून मोटर चालू होती. मोटरीचा यात काय दोष? पाणी कुठून येतंय, हा खरा प्रश्न होता.

मी खड्ड्याशी उकिडवी बसून बॅटरी मारत असताना आत्या जिना उतरून आल्या.

"काय बघतीस?"

"पाणी बघतेय, आत्या. कालवा बंद आहे आणि हे येतंय कुठून तेच कळेना."

"कालवा बंद हाय?"

"महिना होऊन गेला. शेजारच्यांचा खड्डा कोरडा ठणठणीत आहे."

त्या माझ्याशेजारी बसल्या. डावा हात पाण्यात घातला, तसाच धरून ठेवला. मग मी अडवायच्या आत बोट जिभेला लावलं.

"अहो आत्या, घाण आहे ते!"

"गोड हाय," त्या म्हणाल्या. "अन् गार हाय. बाई, ह्यो झरा हाय. जित्ता झरा."

मी हसणार होते, पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि हसू आलं नाही. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. लग्नाला आलेल्या पोरीसारखा उजळला होता.

मग त्यांनी मला विहिरीची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत प्रथमच सलग एवढं बोलल्या. सासऱ्यांनी शेतात विहीर खोदायला घेतली होती. दर उन्हाळ्यात थोडी थोडी, घरचीच माणसं लावून. सासरे खाली पहार चालवायचे आणि या वरून पाट्या ओढायच्या. खाली काळा पाषाण लागला. सुरुंग लावले, तरी पाषाणच. गावात ज्याच्या विहिरीला पाणी लागतं त्या घरची लक्ष्मी झऱ्याची ओटी भरते, पहिला कळस भरून वर आणते आणि सगळ्या गावाला घोट घोट देते.

"मी बी खन घेऊन ठेवला हुता," त्या म्हणाल्या. "जामखेडच्या बाजारातनं. आज लागंल, उंद्या लागंल. ह्यांचा दम सुटला, पर पानी काय लागलं न्हाई. हीर तशीच हाय. पोरं तिच्यात दगडं टाकित्यात, टाकलेला दगुड बी कोरडा वाजतो."

संध्याकाळी त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडली. जातील तिथं ती पेटी बरोबर असते. आतून पेपरात गुंडाळलेला हिरवा खण काढला, बारीक लाल काठाचा. घड्यांवर रंग थोडा उडाला होता, पण कापड अजून कडक. पदर डोक्यावर घेऊन त्यांनी तो माझ्या हातात ठेवला.

"आता माझ्या हातनं वटी व्हत न्हाई. तुझ्या हातनं भरायची. पाडव्याला."

"पाडव्याला तुम्ही गावी जाणार ना?"

"आता कशाला जाऊ? जित्त्या झऱ्याचं घर सोडून कुनी जातं व्हय?"

हे नवऱ्याला कळलं तेव्हा तो कारखान्यातून आल्या आल्या, चपला न काढता, तळघरात जाऊन मोटरीला नमस्कार करून आला. "तू आता त्या मोटरीला हात लावू नको," मला म्हणाला. "जळू दे वीज."

खण मी मशिनच्या वरच्या फळीवर ठेवला. आनंद झाला होता, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्या दिवशी मोटर पुन्हा पायाखाली घूं घूं करायला लागली आणि आनंदाखालून ती खाज वर आली. झरा असा अचानक लागतो का? कालवा बंद झाल्यावरच का लागला? आणि शेजारच्या भिंतीला सोडून आमच्याच भिंतीला का? देव कृपा करतो ती दोन प्लॉट मोजून करतो होय?

आत्या दुपारी पडल्या की मी कामाला लागायची. चोरून, अगदी मांजरीच्या पावलांनी. पाइपात एक झडप असते, वर चढलेलं पाणी परत खाली येऊ न देणारी. तीच अडकून राहिली तर उपसलेलं पाणी पुन्हा खड्ड्यात पडतं आणि मोटर आपलंच पाणी पुन्हा पुन्हा उपसत बसते. मला वाटलं, सापडलं! झडप खोलली. तिच्यात खरंच एक खडा बसला होता. काढला, धुतली, लावली. मोटर एक अर्धा तास थांबली आणि मी मनातल्या मनात स्वतःला पेढा भरवला. मग ती पुन्हा सुरू झाली.

मग घरातल्या नळाचा संशय घेतला. आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी येतं, ते आम्ही टाकीत साठवतो. टाकीतून कुठं गळत असेल. टाकीच्या आत खडूनं खूण केली, सगळे नळ बंद केले, सकाळपर्यंत वाट पाहिली. पाणी खुणेवरच. मोरीची फरशी ठोकून पाहिली. संडासाच्या टाकीचा वास घेऊन पाहिला, त्याचं वर्णन करत नाही. काहीच हाती लागेना, आणि इकडं आत्यांनी गल्लीत बातमी करून टाकली. पाडव्याला सवाष्णींना बोलावलं. गावाकडं आपल्या जावेला फोन करून सांगितलं, "ल्योकाच्या घरात झरा निगाला." जाऊ म्हणे फोनवर रडली.

झरा असेल तर प्रश्नच नव्हता. पण नसेल, आणि ओटी भरल्यावर आठ दिवसांनी आटला, तर ही बाई गल्लीत आणि गावात तोंड कसं दाखवणार?

"तू सारखी त्याच्या मागं का लागलीस?" एकदा त्यांनी मला झडपेशी पकडलंच. "आडात हाय म्हनून पोहऱ्यात येतंय. मोजून काय कमी व्हनार हाय का ते?"

"मोजत नाही हो. नुसतं बघतेय."

त्या वर गेल्या, आणि मी तशीच बसून राहिले. इतके दिवस मी आडातच डोकं घालून बसले होते. पोहरा रिकामा कुठं होतो, ते मी एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं.

मागच्या अंगणात गेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. तळघराच्या खिडकीखाली, भिंतीला जवळजवळ टेकून, शेवगा उभा होता. दिवाळीनंतर आत्यांनी गावाहून एक फांदी आणून तिथं खोचली होती, भिंतीची सावली मिळते म्हणून. तिला आता माझ्या खांद्याच्या वर पालवी आली होती. बुंध्याभोवती सुबक, परातीएवढं आळं. शेजारी कढीपत्ता, त्याला आळं. पलीकडं लिंबू, त्यालाही. आणि मोटरीच्या पाइपाच्या तोंडावर एक निळा रबरी पाइप चढवून सुतळीनं आवळला होता. तो रोज माझ्या नजरेला पडत होता, मला वाटायचं नळाचा असेल. त्यातून पाणी शेवग्याच्या आळ्यात पडत होतं. मोरीतून येणारं धुण्याचं, अंघोळीचं पाणीसुद्धा एका चरानं तिथंच वळवलं होतं. नाली कोरडी होती.

जामखेडची बाई. पाणी गटारीत जाताना तिला बघवेल कसं? तिच्या घरी तांदळाचं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी झाडाला आणि झाडाखाली अंघोळ. इथं तर एक यंत्र दिवसभर पाणी काढून रस्त्यावर फेकत होतं. त्यांनी ते कुणाला न विचारता वाटेला लावलं, आपल्या गावी लावतात तसं. आळ्यात मात्र पाणी कधी साचलेलं नसायचं. इतकं पाणी पिऊन शेवग्याची मुळं सडायला हवी होती, आणि तो तर नाचत होता. म्हणजे पाणी शेवगा पीतच नव्हता.

मला कळलं होतं, पण नुसतं कळून माझं भागत नाही. फळीवर अस्तराला द्यायच्या राणी रंगाची एक पुडी उरली होती. ती सकाळी बादलीत कालवली आणि शेवग्याच्या आळ्यात ओतली. मग खाली येऊन गणवेशाच्या कॉलरी लावत बसले, पण डोळे खड्ड्याकडे. जेवणं झाली. आत्या लवंडल्या. उन्हं खिडकीत आली तेव्हा भिंतीच्या सांध्यातून एक बारीक गुलाबी रेघ उतरली आणि खड्ड्यात मिसळली. थोड्याच वेळात सगळा खड्डा गुलाबी. मोटरीनं तो उचलला आणि वर नेला.

मी टाळी वाजवली! इतका आनंद झाला की खोलीत एकटीच हसले. सापडलं होतं. शेवग्यातून खड्ड्यात, खड्ड्यातून शेवग्यात. ते एकच पाणी घाण्याच्या बैलासारखं फिरत होतं, आणि मोरीचं पाणी त्याला वैरण घालत होतं.

टाळी ऐकून आत्या खाली आल्या. खड्ड्यात वाकून पाहिलं आणि तिथंच बसल्या. दोन्ही हात जोडले, तो वाकडा हात नीट जुळत नव्हता तरी जोडला.

"आसरांनी कुकू दावलं गं," त्या पुटपुटल्या. पाण्यातल्या सात देवींना त्या आसरा म्हणतात. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "ह्यांनी बघायला पायजे हुतं. ह्यांनी एवढं तरी बघायला पायजे हुतं."

माझ्या हातात रंगाची रिकामी पुडी होती. बोटं राणी रंगाची झाली होती. ती मी पदरात लपवली.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. "सांगू नको," म्हणाला. "फिरू दे फिरतंय तर. काय बिघडतं? आई राहतीय ना?" त्याचं चूक नव्हतं. मीही रात्रभर तेच घोळवलं. वीज जळेल, भिंत ओलावेल, मोटर कधीतरी खरंच आतून जाईल, हे सगळं चाललं असतं. पण पाडव्याला सवाष्णी येणार, त्यांच्यात शेजारची येणार, जिच्या खड्ड्यात कोळी राहतो. ती मागच्या अंगणात हात धुवायला गेली की झालं. गल्लीला हसायला तेवढं पुरे. आणि त्याहून वाईट म्हणजे, मला माहीत असताना मी त्या खणाची ओटी कुठल्या तोंडानं भरणार होते? त्या बाईनं तो खण एका आयुष्यभर घडी न मोडता ठेवला होता.

सकाळी चहा झाल्यावर मी म्हणाले, "आत्या, जरा मागे चला."

निळ्या पाइपातून अजून फिकट गुलाबी पाणी पडत होतं. शेवग्याचं आळं गुलाबी. मी बोटं पुढं केली. त्यांनी माझी बोटं पाहिली. मग पाइप पाहिला, आळं पाहिलं, भिंत पाहिली, खाली खिडकीतून खड्डा पाहिला. त्यांच्याइतकी विहिरीची समज मला नाही. त्यांना सांगावं लागलं नाही.

"म्हंजी मीच वततीया," त्या म्हणाल्या, "अन् मीच हात जोडतीया."

"तुमचा काय दोष, आत्या? पाणी वाया जाऊ नये म्हणूनच—"

"गप."

वाकून त्यांनी सुतळी सोडायला घेतली. एका हाताला गाठ सुटेना. मी पुढं झाले तर मला कोपरानं मागं सारलं. दातांनी सोडली. निळा पाइप काढून गुंडाळला, मोरीचा चर पायानं नालीकडं वळवला, पाणी नालीत पडायला लागलं. मग त्या आत गेल्या आणि मला पेटीची कडी वाजलेली ऐकू आली.

त्या दिवशी आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं नाही. मोटर तेवढी बोलत होती, पण तिचाही आवाज तुटत चालला. घटकाभर चाले, घटकाभर थांबे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाही लावत होते तेव्हा ती थांबली आणि पुन्हा सुरूच झाली नाही. मी पाय उचलून वाट बघत राहिले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याऐवजी घर ओकंबोकं झालं आणि मला रडू फुटलं. झरा मी आटवला होता.

आत्या जिना उतरून आल्या, तेव्हा मी डोळे पुसत होते. त्यांनी खड्ड्यात डोकावून पाहिलं. तळाला ओंजळभर पाणी, फ्लोट कडेला लोंबलेला.

"थांबली?"

"थांबली."

"आता पाडव्याला मला सोडा," त्या म्हणाल्या. "जावंला मी सांगते काय ते. चार दिस हसतील."

मला यंत्राशी बोलता येतं, माणसांशी जरा जड जातं. पण तेव्हा तोंडातून निघून गेलं.

"झऱ्यासाठी नका राहू, आत्या. माझ्यासाठी राहा. दिवसभर मी या खोलीत एकटी असते. तुम्ही वरती चालता त्याचा आवाज येतो, तेवढ्यानं मला बरं वाटतं. तुम्ही गेलात की मला करमत नाही."

त्यांनी पदर खोचला. रागावल्या की काय, मला कळेना.

"मंग आदी म्हनायचं न्हाई व्हय?" त्या म्हणाल्या. "ल्योक म्हनतो, तिकडं तुजे हाल व्हत्यात. जो तो हेच म्हनतो, तिकडं हाल व्हत्यात. तिकडं हाल व्हत्यात म्हनून कुनी दुसऱ्याच्या दारात ऱ्हातं का गं? हितं ये असं कुनी म्हनलंच न्हाई मला. झरा लागला तवा वाटलं, चला, ह्यो म्हनतोय."

त्यांनी पदरानं नाक पुसलं, वरच्या फळीवरून खण काढला आणि मशिनवर आपटला.

"ह्यो शिव आता. तुझ्या मापाचा. न्हाईतर कसर लागंल."

मी खणाची घडी मोडली. इतक्या वर्षांच्या घड्यांचे पांढरे पट्टे पडले होते, ते आतल्या बाजूला घेता आले असते. गळ्यातला टेप काढून मी उभी राहिले.

"हात वर करा."

"माजं माप कशाला? मला हिरवं? लोकं काय म्हनतील?"

"लोकांचं मी बघते. पाडव्याला घालायचा आहे, उशीर नको. हात वर करा, आत्या."

त्यांनी खड्ड्याकडं पाहिलं, खिडकीबाहेरच्या शेवग्याकडं पाहिलं. मग हळूहळू दोन्ही हात वर केले, डावा सरळ आणि उजवा जेवढा जाईल तेवढा.

"ह्या हाताची बाही ढिली ठिव, पोरी," त्या म्हणाल्या. "सांजच्याला सुजतो त्यो."